भिंतीतील सांगाड्याचा नकाशा द्यावा

संपादक महोदय,

मुंबईतील अनेक नव्या घरांत खोल्यांच्या आडभिंती विटांऐवजी जिप्सम बोर्डाच्या, म्हणजे दोन कागदांमध्ये जिप्सम भरलेल्या तक्त्यांच्या असतात, परंतु त्यांवर जड वस्तू टांगण्यापूर्वी आतील पत्र्याचा उभा सांगाडा शोधावा लागतो, हे आम्हाला ताबा देताना कोणीही सांगितले नाही. पुस्तकांची फळी रात्री कोसळली तेव्हा स्क्रूच्या भोकाशी पांढरी भुकटी आणि फाटका कागद तेवढा उरला होता. दिवसा त्याच जागी नात खेळत असते. साधे लोहचुंबक भिंतीवर हळूहळू फिरवले की ते बोर्डाच्या स्क्रूंवर चिकटते, आणि अशा स्क्रूंची उभी रांग लागली की तेथे सांगाडा आहे असे समजावे; सांगाड्याच्या दोन उभ्या पट्ट्यांत बहुधा २ फुटांचे अंतर असते. स्विचच्या सरळ रेषेत मात्र ड्रिल चालवू नये, कारण तेथून विजेच्या तारा गेलेल्या असू शकतात. विकासकांनी ताबापत्रासोबत भिंतीतील सांगाड्याचा नकाशा द्यावा, ही विनंती.

— एक वाचक, दादर