नंबर एकच्या आधीची रेकॉर्डिंग्ज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या ‘आर्क्टिक मंकीज’ या रॉक बँडवर आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठी पेपरात या बँडला अर्धं पान मिळालं याचा मनापासून आनंद झाला. लेखातला मुख्य मुद्दा मात्र मला पटला नाही, आणि तो नुसता पटला नाही म्हणून सोडून देण्यासारखाही नाही. लेखक म्हणतात, हा बँड इंटरनेटवर व्हायरल झाला, एका रात्रीत नंबर एकवर जाऊन बसला, आणि आपल्याकडच्या तरुणांनीही हीच वाट धरावी. पुढे त्यांनी या बँडच्या पहिल्या अल्बमच्या खपाशेजारी एका मराठी गाण्याचे यूट्यूबवरचे कोट्यवधी व्ह्यूज ठेवले आणि ‘आपणही मागे नाही’ असं लिहून टाकलं.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवतो. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेल्या चुलतभावानं या बँडचा पहिला अल्बम सीडीवर राइट करून दिला, तेव्हापासून त्यांचं एकही रेकॉर्डिंग मी सोडलेलं नाही. आमच्या शेजारच्या गाळ्यात चार पोरं संध्याकाळी अर्धं शटर ओढून स्वतःची मराठी गाणी वाजवतात. त्यांनी आपला लेख वाचला आणि स्टुडिओत जाऊन पाच गाणी रेकॉर्ड करायला साठवलेले पैसे एका व्हिडिओच्या जाहिरातीत घालायचं ठरवलं. म्हणून हे पत्र.

शेफील्ड हे पोलादाचं गाव. त्या गावाच्या एका उपनगरातली ही शाळासोबती पोरं. २००१ च्या नाताळात हातात गिटार आल्या, आणि १३ जून २००३ ला गावातल्या ‘द ग्रेप्स’ नावाच्या पबमध्ये पहिला कार्यक्रम झाला. पहिला नंबर एक आला ऑक्टोबर २००५ मध्ये. मधली दोन-सव्वादोन वर्षं लेखात कुठंच नाहीत, आणि सगळी गोष्ट तर तिथंच घडली. पोरं गावातल्याच ‘टूफ्लाय’ स्टुडिओत ॲलन स्मिथ यांच्याबरोबर जाऊन डेमो रेकॉर्ड करायची आणि त्याच्या सीडी कार्यक्रमाला आलेल्यांना फुकट वाटायची. सीडी थोड्या, मागणारे जास्त. मग ज्यांना मिळाल्या त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर कॉपी करून बाकीच्यांना दिल्या, नेटवर टाकल्या. पुढच्या कार्यक्रमाला गर्दीला सगळे शब्द पाठ! ‘मायस्पेस’ या तेव्हाच्या सोशल साइटवरचं त्यांचं जे पान पुढे जगभर गाजलं, ते पान चाहत्यांनी काढलं होतं, आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता असं बँडनं स्वतः सांगितलेलं आहे.

आमच्या धंद्यात पार्टीकडे आधी सॅम्पल कास्टिंग जातं, तपासून पास होतं, मगच लॉटची ऑर्डर निघते. या पोरांच्या डेमो सीडी म्हणजे तेच सॅम्पल, आणि पास करणारे म्हणजे शेफील्डचे ऐकणारे. नेटनं ही गाणी लांबवर नेली हे खरंच आहे. पण नेण्याजोगं रेकॉर्डिंग आधी तयार होतं, आणि ते वाजवताना समोर उभं राहून ऐकणारी माणसंही होती.

आता चार्टचं, म्हणजे आठवड्याच्या खपाच्या यादीचं. मे २००५ मध्ये त्यांनी स्वतःच्याच लेबलवर (रेकॉर्ड कंपनीच्या नावानं) पहिली छोटी रेकॉर्ड काढली, ५०० सीडी आणि १,००० सात इंची तबकड्या. त्यानंतर मोठ्या कंपन्या मागे लागलेल्या असताना ते ‘डॉमिनो’कडे गेले. लॉरेन्स बेल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली ही स्वतंत्र रेकॉर्ड कंपनी. लेखात ‘इंडी’ म्हणजे गिटारचा एक हलका बाज असं दिलं आहे. आज तो अर्थही रुळलाय, मान्य. पण ब्रिटनमध्ये १९८० च्या जानेवारीत इंडी चार्ट सुरू झाला तेव्हा सूर-बाज कुणी पाहत नव्हतं. रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून दुकानात आली की नाही, एवढंच पाहिलं जायचं. आपली रेकॉर्ड कुणाच्या हातात राहते, हा मुळात इंडीचा प्रश्न. शेजारच्या गाळ्यातल्या पोरांना नेमकी हीच गोष्ट कळायला हवी होती.

‘डॉमिनो’वर पहिलं सिंगल, म्हणजे अल्बमपासून वेगळं विकायला काढलेलं गाणं, ऑक्टोबर २००५ मध्ये आलं, थेट पहिल्या क्रमांकावर. दुसरं जानेवारी २००६ मध्ये, तेही पहिल्या क्रमांकावर. २३ जानेवारी २००६ ला ‘व्हॉटेव्हर पीपल से आय ॲम, दॅट्स व्हॉट आयम नॉट’ हा अल्बम बाजारात आला. पहिल्या दिवशीच लाखाहून अधिक प्रती गेल्या आणि आठवडा संपला तेव्हा आकडा होता ३,६३,७३५. त्याच वर्षी अल्बमला मर्क्युरी पुरस्कारही मिळाला, ब्रिटन-आयर्लंडमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठी दिला जाणारा.

लेखात या आकड्याला ‘आजवरचा सर्वांत वेगानं खपलेला पहिला अल्बम’ म्हटलं आहे. ते आता खरं नाही, ही दुरुस्ती आपण छापावी. आर्क्टिक मंकीजनी हा विक्रम मोडला तो ‘हिअरसे’ या गटाचा, आणि तो गट २००१ मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेतून तयार झाला होता. पुढे मंकीजचा विक्रम मोडला २००७ मध्ये लिओना लुईस यांनी आणि मग २००९ मध्ये सुझन बॉइल यांनी. या दोघीही टीव्हीवरच्या स्पर्धांतूनच पुढे आलेल्या. त्यांच्या गळ्याबद्दल मला आदरच आहे. पण ही चार नावं एका ओळीत लिहून बघा. आठवड्याचे आठवडे घराघरात दिसलेल्या तिघांच्या मधोमध एक असा बँड उभा आहे ज्याच्यामागे टीव्ही नव्हता. होती ती पबमधली गर्दी आणि फुकट वाटलेली रेकॉर्डिंग्ज. एखाद्या बँडचा ब्रिटनमध्ये सर्वांत वेगानं खपलेला पहिला अल्बम, हा मान अजून त्यांच्याकडेच आहे. लेखकानं हे लिहिलं असतं तर मी पेपर घेऊन पोरांकडे धावत गेलो असतो.

आणखी एक गोष्ट. या बँडची ब्रिटनमध्ये नंबर एकवर गेलेली सिंगल्स दोनच, आणि ती दोन्ही पहिल्या अल्बमच्या आधीची. त्यानंतर एकही सिंगल वरपर्यंत गेलं नाही. ‘फेव्हरिट वर्स्ट नाइटमेअर’मधलं पहिलं सिंगल २००७ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर थांबलं. अल्बम मात्र एकामागोमाग एक पहिल्या क्रमांकावर गेले. २००७ चा हा अल्बम, मग २००९ चा ‘हम्बग’, २०११ चा ‘सक इट अँड सी’, २०१३ चा ‘एएम’. स्वतंत्र लेबलवरच्या बँडचे पहिले पाचही अल्बम ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर उतरण्याची ती पहिलीच वेळ. व्हायरल होतं ते एक गाणं. इथं लोक अल्बमची वाट बघत होते. एप्रिल २००७ मधली चार्टची यादी काढून पाहिली तर दुसऱ्या अल्बममधली बाराच्या बारा गाणी ब्रिटनच्या पहिल्या दोनशेत दिसतात. त्याच वर्षी जानेवारीपासून सिंगल म्हणून दुकानात न आलेल्या गाण्याची डाउनलोडही चार्टसाठी मोजायला लागले होते, म्हणून हे शक्य झालं. पण ती डाउनलोड पैसे मोजून केलेली होती.

‘हम्बग’बद्दल थोडं थांबून लिहितो, कारण माझ्या मते या बँडची खरी परीक्षा तिथं झाली. पहिल्या दोन अल्बममधला धावता, शेफील्डच्या रस्त्यावरचा आवाज सोडून ते कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात अमेरिकी रॉक गिटारवादक जॉश होम यांच्याबरोबर रेकॉर्डिंगला गेले आणि जड, संथ, अंधारी गाणी घेऊन परतले. माझ्यासकट अनेक चाहते पहिल्यांदा ऐकताना गोंधळले. आज कारखान्यातून घरी जाताना मी सर्वांत जास्त तोच अल्बम लावतो. लोकांना जे आवडलंय तेच पुन्हा वाजवायचं नाही असं त्यांनी ठरवलं, आणि मोठ्या कंपनीच्या बाहेर असल्यानं ते निभावलंही, असं मला वाटतं. २०१८ मध्ये पुन्हा तेच. ‘एएम’च्या दणदणीत गिटारनं जगभर नाव झाल्यावर त्यांनी पियानोवर रचलेला, चंद्रावरच्या हॉटेलची कल्पना धरून चालणारा ‘ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसिनो’ काढला. तोही पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच्या तबकड्या पहिल्या आठवड्यात २४ हजारांवर खपल्या. ब्रिटनमध्ये पंचवीस वर्षांत तबकडीचा इतका वेगवान खप झाला नव्हता.

सातवा अल्बम ‘द कार’. ऑक्टोबर २०२२. हा दुसऱ्या क्रमांकावर राहिला, कारण त्याच दिवशी टेलर स्विफ्ट यांचा ‘मिडनाइट्स’ आला होता. लेखात या अल्बमचा उल्लेख ‘घसरण’ म्हणून आहे. पहिल्या आठवड्यात लाखाहून अधिक प्रती खपलेल्या अल्बमला घसरण म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. क्रमांक हा त्या आठवड्यात शेजारी कोण उभं आहे यावरही ठरतो.

आणि व्ह्यूजची तुलना. २००६ चे ३,६३,७३५ म्हणजे बहुतेक करून दुकानात जाऊन, खिशातले पैसे देऊन घेतलेल्या सीडी. ब्रिटनच्या सिंगल्स चार्टमध्ये स्ट्रीमिंग जुलै २०१४ पासून धरायला लागले, तेव्हाही शंभर वेळा ऐकलं की एक विक्री असा हिशेब होता. फुकट दिसणाऱ्या, मध्येच जाहिरात म्हणून पुढे येणाऱ्या व्हिडिओचे व्ह्यूज त्या आकड्याशेजारी ठेवताच येत नाहीत. स्ट्रीमिंगला मी कमी लेखत नाही. ‘एएम’मधलं शेवटचं गाणं, जे कवी जॉन कूपर क्लार्क यांच्या कवितेवर बेतलेलं आहे, ते अल्बम आला तेव्हा सिंगल नव्हतं. पुढे दहा वर्षांनी ते स्पॉटिफायवर शंभर कोटी वेळा ऐकलं गेलं; माझी कॉलेजात जाणारी पुतणी ते रोज लावते, तिला २००६ ठाऊकसुद्धा नाही. हे शंभर कोटी कुठून आले? २०१३ मध्ये ते गाणं अल्बमच्या शेवटी असूनसुद्धा मन लावून रेकॉर्ड केलं होतं, म्हणून.

संपादक महाशय, रेकॉर्डिंग नसलं तर काय जातं हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी आश्रय दिलेले अल्लादियाखाँसाहेब या गावात राहिले, इथं शिकवलं, १९४६ मध्ये गेले. जयपूर-अत्रौली घराण्याच्या त्या मूळ पुरुषाचा आवाज आज आपल्याला ऐकता येत नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी तबकड्या दिल्या, म्हणून त्यांची भैरवीतली चीज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून सूर्यमालेच्या बाहेर निघाली. देवल क्लब या गावातल्या जुन्या गायनसंस्थेवरून जाताना मला हे दरवेळी आठवतं. गिटारवाल्या पोरांना यात ओढतोय म्हणून कुणी रागावेल, पण नवं गाणं करणाऱ्याला आपलं गाणं नीट रेकॉर्ड व्हावं अशी ओढ असणं हे दोन्हीकडे सारखंच आहे.

आपल्या गावात वाजवणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. ऑर्केस्ट्रा आहेत, लग्नाचे बँड आहेत, गणपतीत डॉल्बीच्या भिंती आहेत. स्वतःचं गाणं वाजवायला मात्र कॉलेजचं गॅदरिंग सोडलं तर जागा सापडत नाही. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, तेव्हा रंगकर्मींइतकंच या पोरांनाही वाईट वाटलं. त्यांचीही कधीतरी तिथं वाजवायची इच्छा होती. शंभर-दीडशे माणसं उभी राहतील असा एखादा हॉल, महिन्यातून एक संध्याकाळ, फक्त स्वतःच्या गाण्यांसाठी. शेफील्डच्या पबांनी याहून जास्त काही दिलं नव्हतं.

पोरांशी मी बोललोय. त्यातला ड्रम वाजवणारा माझ्याकडेच कामाला आहे, त्याला पटलंय. गाणाऱ्याला अजून व्हिडिओच हवाय. आपल्या पेपरातलं त्याला माझ्या बोलण्यापेक्षा जास्त खरं वाटतं, म्हणून विनंती करतो की विक्रमाबद्दलची दुरुस्ती आणि डेमो सीडींची हकिकत आपण त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावी. आणि कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीत स्वतःची गाणी रेकॉर्ड करणारे जे बँड आहेत त्यांच्याविषयी दर पंधरवड्याला एक चौकट सुरू करावी. त्यात व्ह्यूज देऊ नका. कोणती गाणी, कुठं रेकॉर्ड केली, कुणी वाजवली आणि पुढचा कार्यक्रम कधी, एवढं द्या. पहिल्या चौकटीसाठी लागणारी माहिती मी स्वतः लिहून आणून देतो.

आपला,
एक पॅटर्नमेकर वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर