पाठटाचणात 'वीज गेल्यास' हा रकाना घालायला लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

शिक्षक-प्रशिक्षणातल्या आमच्या सराव पाठांआधी तुम्ही पाठटाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, एक जादा रकाना आखून घेतलात: 'वीज किंवा नेट गेल्यास'. त्याबद्दल मनापासून आभार. तो भरायला बसलं की मुलांनी नेमकं काय शिकायचंय, हे आधी ठरवावंच लागतं. रक्ताभिसरणाचं ॲनिमेशन बंद पडलं, तर फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढून बाणांनी रक्ताचा मार्ग दाखवता आला पाहिजे. शिक्षकाला ते जमत नसेल, तर ॲनिमेशन चालू असूनही मुलं फक्त हलती चित्रं बघतात.

प्रोजेक्टर जोडल्यावर विंडोजचं बटण आणि 'पी' दाबून 'एक्स्टेंड' निवडायचं, म्हणजे प्रोजेक्टरवर वेगळा पडदा मिळतो, हेही तुमचंच. 'डुप्लिकेट' ठेवलं तर लॅपटॉपवरचं सगळं तसंच पडद्यावर येतं आणि शिक्षकाला आलेला खाजगी मेसेज अख्खा वर्ग वाचतो.

सर्वांत मोलाची ठरली ती पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची शिस्त. 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील' ही सेटिंग आधी, पालकांना जोडणं नंतर. नाहीतर गृहपाठाची सूचना शुभेच्छांच्या ढिगाखाली जाते. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. एकच संदेश प्रत्येकाला स्वतंत्र पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये तो दिसत नाही, पण तिथला संदेश आपला नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोहोचतो. म्हणून पहिल्याच पालकसभेत, समोरासमोर, नंबर सेव्ह करून घ्यायचा. गुण आणि तक्रारी ग्रुपवर कधीच नाहीत. त्या पालकाशी थेट बोलायचं.

फोटोंबाबत तुम्ही कडक होतात, आणि तसंच असायला हवं. पालकांची लेखी संमती असली, तरी पाठवण्याआधी गणवेशावरचा बिल्ला, वहीवरचं नाव, मागच्या फळ्यावरची हजेरी तपासायची. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, तर तो कुठे काढला ही माहितीही फाइलबरोबर जाऊ शकते. यूट्यूबवरचा 'अनलिस्टेड' व्हिडिओ खाजगी नसतो. लिंक हाती आलेला कुणीही तो बघतो.

बहुतेक समाजमाध्यमांवर खातं उघडायला किमान १३ वर्षं वय लागतं. प्राथमिकच्या मुलाला तिथे प्रकल्प टाकायला सांगणं म्हणजे त्याला खोटी जन्मतारीख लिहायला लावणं, हे तुमचं म्हणणं आता आमचंही ठाम मत आहे. वर्गात तंत्रज्ञान आणायचं, तर मुलांच्या हाती मोबाइल द्यावाच लागतो असं नाही. प्लिकर्स या ॲपची छापील कार्डं घ्या: बहुपर्यायी प्रश्न विचारला की मूल उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरतं, शिक्षक एकाच मोबाइलच्या कॅमेऱ्याने सगळा वर्ग टिपतो. प्रत्येक कार्डावरचा आकार वेगळा असल्याने शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही. बोट आकृतीवर आलं की कार्ड वाचलं जात नाही. चकचकीत लॅमिनेशनवर उजेड परावर्तित होऊनही तेच होतं, म्हणून जाड साध्या कागदावर छापायची. कुणाचं काय चुकलं ते तास संपायच्या आत कळतं आणि त्याच तासाला पुन्हा समजावता येतं. हे दाखवून दिल्याबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत.

आपले विद्यार्थी,
भावी शिक्षक