मांजरं छपरावरून पडत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी वाक्प्रचारांच्या चौकटीत 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स'ची, म्हणजे मुसळधार पाऊस पडण्याच्या वाक्प्रचाराची, कथा वाचली. जुन्या इंग्लंडात घरांवर गवताची छपरं असत, उबेला कुत्री-मांजरं त्यात झोपत, आणि धो धो पाऊस लागला की ओल्या गवतावरून घसरून खाली पडत, अशी ती कथा. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही ती महिनाभर फिरतेय. ही शुद्ध थाप आहे. सोळाव्या शतकातल्या जगण्याची 'माहिती' देणारा एक ईमेल १९९९ साली जगभर फिरला होता, त्यातली.

इंग्लंडचं राहू द्या. मी कोकणातली. गवती छपराखाली लहानाची मोठी झाले. मिरगाच्या आधी शाकारणी व्हायची. गवत इतकं दाबून बसवलेलं असायचं की पाणी वरच्या वर ओघळून पागोळ्यांनी अंगणात पडे. आमची मांजर चुलीच्या वर, माळ्यावर झोपायची. पाऊस लागल्यावर ती छपरावर बसून भिजत राहील, ही कल्पना मांजर न पाळलेल्यालाच सुचावी. आणि कुत्रा वर चढतो कसा? शिडी लावून?

या वाक्प्रचाराचा उगम अभ्यासकांना आजवर नक्की सापडलेला नाही. माझा कल एका तर्काकडे आहे: पावसाच्या लोंढ्यात वाहत येणाऱ्या मेलेल्या कुत्र्या-मांजरांवरून तो आला असावा. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'चा लेखक जोनाथन स्विफ्टने १७१० मध्ये लंडनच्या पावसावर एक कविता लिहिली. तिच्या शेवटी गटारं तुंबून रस्त्यावरून लोंढा येतो आणि त्यात बुडालेली कुत्र्याची पिल्लं, मेलेली मांजरं, सलगमाचा पाला असं सगळं वाहत येतं. जुलै २०२१ च्या पुरात आमच्या बाजारपेठेतून काय काय वाहत गेलं ते पाहिलेल्या चिपळूणकराला ही कविता समजावून सांगावी लागणार नाही. गंमत म्हणजे १७३८ मध्ये याच स्विफ्टने उच्चभ्रूंच्या घिशापिट्या बोलण्याची टर उडवणारं पुस्तक काढलं, त्यात हा वाक्प्रचार आहे. म्हणजे तेव्हाच तो वापरून वापरून गुळगुळीत झालेला होता.

'आंघोळीच्या पाण्याबरोबर बाळही फेकणे', म्हणजे नकोशाबरोबर हवं तेही टाकून देणे, या वाक्प्रचाराची गोष्टही त्याच ईमेलमधली. सगळं घर एकाच टबात, त्याच पाण्यात आंघोळ करायचं, बाळाचा नंबर शेवटी, तोवर पाणी इतकं गढूळ की आत बाळ आहे हेच दिसायचं नाही, म्हणे. मुळात हा वाक्प्रचार जर्मन. थॉमस मुर्नर याच्या १५१२ च्या उपहासात्मक पुस्तकात तो चित्रासकट आहे. इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकात आला. मूर्खपणाची थट्टा आहे ती, कुणाच्या न्हाणीघराचा वृत्तान्त नव्हे.

खऱ्या कथा काय कमी रंगतदार आहेत? मराठी माध्यमाच्या शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. 'टू रीड द रायट अॅक्ट' म्हणजे कडक शब्दांत समज देणे, एवढंच गाइडात असायचं. नववीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, नुसता कायदा वाचून दाखवला तर ओरडा कसा बसला?" प्रश्न बिनतोड होता. घरी जाऊन शोधलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं. १७१५ पासून इंग्लंडात हा कायदा लागू झाला. बारा किंवा अधिक माणसांचा बेकायदा जमाव दिसला की मॅजिस्ट्रेटने समोर उभं राहून ठरावीक मजकूर मोठ्याने वाचायचा. त्यानंतर तासाभरात जे पांगणार नाहीत, त्यांना थेट मृत्युदंडापर्यंत शिक्षा. मजकूर शब्दशः वाचावा लागे. शेवटचं 'गॉड सेव्ह द किंग' म्हणायचं राहिलं, म्हणून आरोपी सुटल्याचंही उदाहरण आहे. आपल्याकडची जमावबंदी मुलांना ऐकून माहीत होती, त्यामुळे चटकन उमगलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे बाई, आमचे पीटीचे सर रोज वाचतात!" त्या वर्गातलं कुणी तो अर्थ विसरलं असेल, असं मला वाटत नाही.

वाक्प्रचारामागची वस्तू किंवा रीत नाहीशी झाली की तो कोडं होऊन बसतो, आणि ती रिकामी जागा भरायला अशा थापा तयारच असतात. आपली मराठी यातून सुटलेली नाही. सुट्टीत पुण्याहून आलेला नातू आपल्याच वर्तमानपत्रातला मथळा अडखळत वाचत होता, 'चौकशी अहवाल बासनात'. मला विचारतो, "आजी, अहवाल बेसनात कशाला गुंडाळला?" भज्यासारखा तळताना डोळ्यांपुढे आला असणार त्याच्या. मग देवघरातली सासऱ्यांची पोथी काढली. लाल कापडाचं बासन, त्याला चार वेढ्यांची दोरी. ते सोडायला त्याला मिनिटभर लागलं, पुन्हा तसंच बांधणं काही जमेना. पुण्यात पेशवे दफ्तरातले कागद असेच कापडात बांधलेले आहेत आणि त्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात, हेही सांगितलं. त्यावर त्याने खिशातला रुमाल काढून दाखवला.

पुढच्या रविवारी त्याच चौकटीत दुरुस्ती छापावी, ही विनंती. माझं पत्र बेसनात गुंडाळलंत तरी चालेल, बासनात नको.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण