टीसीएलचे पोते आणि तीन दरपत्रके

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या ग्रामपंचायती विहिरींसाठी टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर घेतात. खरेदी किरकोळ, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. गोम तिथेच आहे. ई-निविदा टाळण्यासाठी मागणीचे तुकडे पाडायचे आणि वेगवेगळ्या पुरवठादारांची म्हणून तीन दरपत्रके जोडायची. फाइल उघडावी तर तिन्हींत शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच!

चांगल्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असते. 20 टक्क्यांखालची वापरू नये. प्रमाण 1000 लिटरला 5 ग्रॅम. चांगल्या मालातून लिटरमागे 1.65 मिलिग्रॅम क्लोरीन मिळते, 12 टक्क्यांच्या जुन्या मालातून जेमतेम 0.6. पावसाचे गढूळ पाणी तेवढे गिळून टाकते आणि नळाला 0.2 मिलिग्रॅमही उरत नाही. मग ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन तपासणाऱ्या चाचणीला, पिवळा रंग येत नाही आणि बोल मात्र पाण्यात पावडर टाकणाऱ्या गावच्या जलसुरक्षकाला. त्यातून आपली दमट हवा. पोते उघडे राहिले की क्लोरीन उडतो, उरतो तो चुना.

देयक काढण्याआधी बॅच क्रमांक व उत्पादनाची तारीख साठा नोंदवहीत लिहावी, नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, अहवाल आल्यावरच पैसे द्यावेत. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 2 नुसार कागदपत्रांप्रमाणेच साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. तेव्हा अर्जात दरपत्रकांच्या प्रतींबरोबर पोत्यातली पावडरही मागावी.

– एक वाचक, गुहागर