केसपेपर ते स्क्रीन: आमच्या ट्रेनर ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

हॉस्पिटलच्या नोंदींचं सॉफ्टवेअर शिकवायला येऊन सभागृहात पडद्यावर बटणं दाखवून जाणारे ट्रेनर पुष्कळ. तुम्ही मात्र चाकांच्या ट्रॉलीवरचा कॉम्प्युटर घेऊन ऐन राउंडच्या गर्दीत उभ्या राहिलात, रात्रपाळीलाही आलात. वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर-ब्रदरांतर्फे मनापासून आभार.

तुमचं सगळ्यात मोलाचं काम केसपेपरच्या खिडकीवरचं. एकाच बाईची दोन रेकॉर्डं का होतात, हे सॉफ्टवेअरला कुठून कळणार? एक माहेरच्या नावाचं, एक सासरच्या. कुणी आडनाव आधी लिहितो, कुणी शेवटी. जन्मतारीख विचारावी तर शाळेत लावलेली 1 जून, ती अर्ध्या गावाची. मोबाइल मुलाचा, त्या एका नंबरावर घरातली पाच माणसं. म्हणून तुमचा क्रम आता खिडकीवर चिकटवलाय: आधी मोबाइल नंबरावरून शोधायचं, मग नावाची पहिली तीन-चार अक्षरंच टाकायची, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव विचारायचं, आणि कुठेच जुळलं नाही तरच ‘नवीन नोंदणी’. "तुम्ही सुनीताच ना?" असं विचारायचं नाही, कारण घाईत माणूस कशालाही हो म्हणतो. नाव त्यांनीच सांगायचं. दुहेरी रेकॉर्ड सापडलंच तर खिडकीवर जोडायचं नाही, रेकॉर्ड विभागाकडे पाठवायचं. दोन वेगळी माणसं चुकून जोडली गेली, तर एकाची पेनिसिलिनची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर बसते. आभाचा, म्हणजे आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा, 14 अंकी नंबर असला तर उत्तम, नसला म्हणून पेशंटला परत पाठवायचं नाही, हेही तुम्ही ठणकावून सांगितलंत.

औषधांच्या नोंदीचं तर काय सांगावं! आठचं इंजेक्शन आठला द्यायचं आणि साडेदहाला निवांत बसून सगळ्यांच्या नोंदी एकदम टाकायच्या, ही कागदाच्या काळातली सवय. पण मधल्या अडीच तासांत स्क्रीनवर ते ‘दिलेलं नाही’ असंच दिसतं, आणि दुसरं कुणी तो डोस पुन्हा देऊ शकतं. मनगटपट्टी स्कॅन, औषध स्कॅन, देणं, टिक, सगळं खाटेशीच. लहान मुलांच्या वजनात दशांश चिन्ह सुटलं की 11.2 किलोचे 112 होतात, आणि डोस वजनावर निघतो. तिथे आकडा मोठ्याने वाचायची तुमची सवय आम्ही उचलली. कालची नोट तशीच पुढे चिकटवण्यावरचा तुमचा रागही रास्तच: कॅथेटर काढून दोन दिवस झाले तरी नोटमध्ये तो आतच!

रक्ताच्या नळीवरचं लेबल उभं, नळीच्या लांबीला धरून लावायचं. आडवं गुंडाळलं की बारकोड वळतो आणि मशीन वाचत नाही. पाच सेकंदांची गोष्ट, पण त्यापायी लॅबमधून किती सॅम्पल परत यायची.

आणि ती लाल फाइल. सिस्टिम बंद पडली की कोरे फॉर्म त्यातून घ्यायचे, प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहायची. सिस्टिम आली की आधी औषधं, ॲलर्जी आणि नव्या ऑर्डरी टाकायच्या, त्याही प्रत्यक्षातल्या वेळेने. टीपीआरचे (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींचे) कागद स्कॅन करून जोडले तरी चालतात. फाइलमधले औषधांचे फॉर्म संपत आलेत, तेवढी मूळ प्रत पाठवाल का?

आपल्या,
वॉर्डातल्या सिस्टर आणि ब्रदर