उलटी बाजू आधी बघ

सांगली,
२ डिसेंबर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, मला नाही जमत, मी आजीच्या लुगड्यांची ही गोधडी मोठ्या लाँगआर्म मशीनवर टाके घालून देणाऱ्या बाईंकडे देऊन टाकते." तेवढ्यात तुझी मीटिंग आली आणि बोलणं अर्धवट राहिलं. माझ्या मनातून काही ते जाईना, म्हणून लिहायला बसले. मशीनजवळ ठेवून सावकाश वाच.

तुझे फोटो मी मोठे करकरून पाहिले. पुढून सगळं गोड दिसतंय, दोष आहे तो मागच्या बाजूला. सरळ रेघेत टाका नेटका आहे. वळण आलं की मात्र खालचा, बॉबिनचा दोरा ताणून सपाट पडलाय आणि त्यावर वरच्या दोऱ्याचे बारीक फासे आलेत, पापणीच्या केसांसारखे. तुझा हात वाईट नाही गं, वळणावर तो घाई करतो इतकंच. सुईखालचे दाते खाली घेतले की कापड सरकवायचं काम मशीन सोडून देतं. मग टाका केवढा पडणार हे तुझा हात आणि तुझं पेडल मिळून ठरवतात. सुई कापडात असताना हात ओढलास तर सुई वाकते आणि दोरा खेचला जातो. तेव्हा पेडल आहे तसंच राहू दे, हात हळू कर. वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, अर्ध्या आकड्याने वाढव, एकदम फार नको. वर-खाली एकच दोरा लाव, सुई ९० नंबरची घाल. आणि दर वेळी गोधडीवर बसण्याआधी तेच तीन थर असलेल्या तुकड्यावर चार वळणं काढून तुकडा उलटा करून बघ.

हे मला १९८६ साली शिवणक्लासात कळलं. पायमशीनवर रिंगचं भरतकाम शिकवायचे. दात्यांवर झाकणपट्टी बसवायची, कापड दाबून धरणारं फूट काढून ठेवायचं, कापड रिंगेत ताणायचं आणि दोन्ही हातांनी रिंग फिरवायची. तुमच्याकडचं फ्री मोशन, म्हणजे हाताने कापड फिरवत शिवणं, ते हेच, फक्त रिंगेच्या जागी तुझे तळहात आणि एका कापडाच्या जागी तीन थर. आमच्या बाई पहिले आठ दिवस दोरा ओवूच द्यायच्या नाहीत. वहीचा कागद घ्यायचा आणि रिकाम्या सुईने भोकं पाडत आपलं नाव लिहायचं. कागद उजेडात धरला की सगळं कळतं, कुठे भोकं दाट झाली, कुठे हात पळाला. तू जुनी सुई लावून हे कर. आधी नाव, मग कोयरी, मग ती पिसांची वेल. वेलीचा देठ आधी काढायचा, मग एका बाजूची पिसं खालून वर, आलेल्या रेघेवरूनच परत फिरत. पेन्सिलीने हात न उचलता कागदावर जे येत नाही ते मशीनवर येत नाही.

आता रूलरचं, म्हणजे पट्टी टेकवून रेघा मारायचं. आठवतं, माझ्या जुन्या चष्म्याच्या डाव्या काचेवर एक ओरखडा आहे? माझ्याकडे पट्टी टेकवायचं खास रूलर फूट नव्हतं, तेव्हा मी भरतकामाच्या फूटला तुझी शाळेची प्लॅस्टिकची पट्टी टेकवून सरळ रेघ मारायला गेले. पट्टी पातळ. फूट जरा उचललं गेलं तशी ती त्याच्याखाली सरकली, सुई तिच्यावर आदळली आणि मोडलेलं टोक काचेवर येऊन लागलं. चष्मा नसता तर काय झालं असतं, ते मी आजही मनात आणत नाही. म्हणून जीव तोडून सांगते, उंच कडेचं रूलर फूट लावल्याशिवाय पट्टीला हात लावू नकोस आणि फूट खाली घेतल्याशिवाय पेडलवर पाय ठेवू नकोस. तुझ्या मशीनचा फूट बसवायचा दांडा बुटका आहे, त्याला ३ मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिकची पट्टी चालते. ६ मिलिमीटरच्या जाड पट्ट्या लाँगआर्मसाठी असतात, त्या स्वस्तात मिळाल्या तरी घेऊ नकोस.

तुझ्या चौकड्या सरकल्यात त्याचं कारण साधं आहे. ते गोल फूट अर्धा इंच रुंद आणि सुई त्याच्या मधोमध, म्हणजे टाका पट्टीच्या कडेपासून पाव इंच दूर पडणार. तू पट्टी थेट खडूच्या रेघेवर ठेवतेस. ती रेघेच्या पाव इंच अलीकडे ठेव. डाव्या हाताची काही बोटं पट्टीवर, काही कापडावर, फूटच्या अगदी जवळ; पट्टी आणि गोधडी दोन्ही मिळून एकत्र सरकली पाहिजेत. फूट पट्टीला नुसतं चिकटून जाऊ दे, दाबू नकोस. हात दूर राहिला की थांब, सुई कापडात रुतलेली ठेव आणि मगच हात पुढे ने. पट्टीच्या खालून न घसरणाऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लाव. मशीनभोवती टेबल सपाट नसेल तर पट्टीचं टोक हवेत राहतं आणि ती डुगडुगते, तेवढी सोय आधी कर. नवीन आकाराच्या पट्ट्या आत्ता मागवू नकोस. एक सरळ पट्टी हातात बसली की बाकीच्या सोप्या जातात.

आत्या म्हणाली, "मशीनची गोधडी म्हणजे विकतची," आणि ते तुला लागलं, हे मला कळलंय. तिकडे अमेरिकेत तू मला लुईव्हिलहून साडेतीन तास गाडी चालवून पडूकाच्या क्विल्ट म्युझियममध्ये नेलंस, ते आठव. त्याच गावातल्या प्रदर्शनात १९८९ साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणाच्या क्विल्टला सर्वोच्च बक्षीस मिळालं. मशीनवर क्विल्ट केलेल्या कामाला तिथे तो मान पहिल्यांदाच मिळत होता आणि हातशिलाईवाल्या बायकांना ते सहज पचलं नाही. आजीचा धावदोरा माझ्यासाठी देवाच्या जागी आहे, पण म्हणून मशीनवरचं कष्टाचं काम मी कमी मानणार नाही. आजी कडेपासून टाके घालत आत यायची. तू मधून बाहेर जा, कारण मशीनचं फूट कापड पुढे ढकलत राहतं, तो फुगवटा कडेने निघून गेला पाहिजे. सेफ्टी पिना चार-चार बोटांवर लाव. आधी पट्टीच्या रेघांनी सगळी गोधडी बांधून घे, ठिपके मांडून घेतो तसं, आणि मग मुक्तहस्त भर. भर सगळीकडे सारखी ठेव. एकीकडे दाट आणि एकीकडे विरळ झालं की दाट भाग आवळतो, विरळ भाग फुगतो आणि गोधडी जमिनीवर सपाट बसत नाही.

लाँगआर्मवाल्या बाईंबद्दल माझ्या मनात काही नाही. त्यांचं काम सुबक असतं आणि सांगितलं तर चौकोनागणिक वेगळी नक्षीही करून देतात. पण तू सांगितलेल्या दरात कॉम्प्युटरवरची एकच नक्षी या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरणार. त्या मशीनला काय माहीत, कुठल्या चौकोनात आजीचं लुगडं विरलंय? मी ते चौकोन कापताना प्रत्येक तुकडा उजेडात धरून पाहिलाय. हिरवं लुगडं बसण्याच्या जागी इतकं झिरझिरीत झालं होतं की पलीकडे माझी बोटं दिसत होती. मी त्याला मागून मलमल लावलीय, तरी दाट टाक्यांनी ते फाटेल. लुगड्याच्या चौकोनांत फक्त पट्टीच्या रेघा मार, इंचा-इंचावर, त्याहून जवळ नको. तुझी पिसं, वेली, खडे जे काय हौसेचं आहे ते नव्या कापडाच्या काठात मनसोक्त कर. तिथे कापड ताकदीचं आहे.

वळणावरचे ते फासे उसव, पण ओढून नको. मागून दर चौथा टाका काप, मग वरचा दोरा आपोआप सुटतो. लुगड्यापाशी कात्री टोकाने चालव.

हिरवा चौकोनच बरोबर मध्ये आलाय, म्हणजे सुरुवात तिथूनच करायची. शनिवारी सकाळी, डोळे ताजे असताना बस. तेवढा एक चौकोन झाला की फोटो पाठव. मागच्या बाजूचा.

तुझी,
आई