ओटीपी आता माझ्या फोनवर येतो

प्रिय मनू,

कधीपासून लिहीन लिहीन म्हणतेय. फोनवरही सांगता आलं असतं, पण आई घरातच असते आणि बडोद्याचं, दांडिया बाजारातलं आमचं घर तुला माहितीये, या खोलीत कुजबुजलं तरी स्वयंपाकघरात ऐकू जातं.

मध्यंतरी बँकेत जाऊन आले. माझ्या खात्याला आईचा मोबाइल नंबर होता तो काढून माझा टाकला. तुला वाटेल यात काय मोठं, पण मनू, आठ वर्षं नोकरी करतेय मी आणि आठ वर्षं माझ्या पगाराचा मेसेज आईच्या फोनवर यायचा. ऑनलाइन काही घ्यायचं म्हटलं की ओटीपी तिच्याकडे, मग मी ऑफिसमधून फोन करायचा, आई नंबर आलाय का बघ, मग ती विचारणार काय घेतेयस, कितीचं आहे, रंग कोणता, आणि पटलं तरच ते सहा आकडे सांगणार. गेल्या महिन्यात मी ऑइल पेस्टलचा डबा मागवत होते. ती म्हणाली, "आता या वयात कसले रंग?" आणि ओटीपी सांगितलाच नाही, त्याची वेळ संपून गेली. मी ऑफिसच्या जिन्यात फोन कानाला धरून उभी, एकतीस वर्षांची. रडू नाही आलं गं, पोटात नुसतं गार गार वाटलं.

फाइन आर्ट्सचा फॉर्म आठवतो? आणायला तूच होतीस बरोबर. तो आईने कपाटात कागदाखाली ठेवला होता, शेवटची तारीख उलटल्यावर सापडला, तोवर कॉमर्सची फी भरून झालेली. ओरडली नाही ती. ती कधीच ओरडत नाही, फक्त जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहते, आणि मग माझ्याच तोंडून निघतं की आई तू म्हणशील तसं. बाबा गेले तेव्हा ती तेहतीसची होती, सगळं एकटीने ठरवायची सवय तिला तेव्हापासून लागली हे कळतं मला. कळतं म्हणून दुखायचं थांबत नाही.

कॉलेजची तीन वर्षं मी हंसा मेहता लायब्ररीत चित्रांची पुस्तकं चाळत बसायचे. हंसाबेन आपल्या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू एवढंच माहीत होतं. मग एक दिवस वाचलं की १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात आधी ‘ऑल मेन’ होतं, ते ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ करायला त्यांनी लावलं. खूप वेळ तेच डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून बँकेत गेले.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मामेबहिणीच्या लग्नाची साडी घ्यायला मी पहिल्यांदा एकटी रावपुऱ्यात गेले. दुकानदाराने दहा-बारा साड्या पसरल्या आणि विचारलं, "बेन, तमने कयो कलर गमे?" आणि मी मागे वळून दाराकडे बघितलं, आई आहे का. मनू, मला उत्तरच येईना. काही न घेता बाहेर आले आणि सुरसागरच्या काठावर किती वेळ बसले होते कोण जाणे. आठवड्याने परत गेले, दोन तास लावले, आणि शेवटी मन बसलं ते फिकट पिस्त्यावर. म्हणजे आई माझ्यासाठी नेहमी आणते तोच रंग! इतका राग आला, हा मला आवडतो की मला लावलेला आहे? मुद्दाम लाल घेणार होते, मग वाटलं लाल घेतला तरी ठरवणारी तीच झाली ना, फक्त उलटं. पिस्ताच घेतला. अजून नक्की सांगता येत नाही तो कोणाचा आहे, पण अंगावर घेतला की बरं वाटतं.

एक तारखेला आईने विचारलं, "पगार झाला नाही का गं? मेसेज नाही आला." मी म्हटलं, झाला, आता माझ्या फोनवर येतो. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. हात थांबले, मग परत सोलायला लागली. दोन दिवस बोलली नाही, जेवलीही नाही नीट. या वेळी मी तिचं ताट वाढून ठेवलं, आणि ‘तू म्हणशील तसं’ मात्र म्हटलं नाही. फार जड गेलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गुडघ्याच्या गोळ्या संपल्यात, तुझ्या फोनवरून मागव."

रंग आलेत. रविवारी सकाळी कमाटीबागेत जाऊन बसते, पण झाडं नाही जमत अजून. सोबत एक चित्र पाठवतेय, शेंगा सोलणारे आईचे हात. तिला दाखवलं नाहीये. उजवा अंगठा चार वेळा पुसला तरी मनासारखा येत नाहीये, काय चुकतंय ते नीट बघून सांग.

तुझीच,
वैशू